अडली आणि अडवली

कँटनी भाषेत ‘नान-त्सान’ असा दोन अक्षरांचा एक शब्द आहे. ‘नान’ म्हणजे अवघड आणि ‘त्सान’ म्हणजे प्रसूती. बाई अडली, कळा येऊन येऊन थकल्या तरी सुटका होईना, म्हणजे तिकडचे डॉक्टर हा शब्द उच्चारतात. हीच दोन अक्षरे उत्तर चीनमधले लोक ‘नान-छान’ अशी वाचतात आणि आपल्या मराठी कानाला त्यात भलतेच काही ऐकू येते. पण भाषाभाषांतले असले योगायोग फार मनावर घ्यायचे नसतात.

यजमानांच्या नोकरीमुळे हाँगकाँगला आमची सात वर्षे गेली. तेवढ्या काळात मी बाजारहाट करण्यापुरती कँटनी बोलायला शिकले आणि मथळे लागण्यापुरते वर्तमानपत्र वाचायला शिकले. हा शब्द मला भेटला तो प्रसूतिगृहात नव्हे, वर्तमानपत्रात. मंत्रिमंडळ बनत नाही, नान-त्सान. विधेयक सभागृहात येत नाही, नान-त्सान. पूल, संग्रहालय, क्रीडांगण, दोन कंपन्यांमधला करार, सगळ्यांची नान-त्सान. बेल्जममध्ये जून २०१० च्या निवडणुकीनंतर सरकार बनायला ५४१ दिवस लागले. एवढ्या लांबलेल्या गोष्टीला कँटनी माणूस दुसरा शब्द शोधत बसणार नाही. वाचणाऱ्यालाही त्यात कोणी बाई दिसत नाही. आपण ‘घोडे अडले’ म्हणताना जितका घोडा पाहतो तितकीच तो बाई पाहतो.

मला मात्र ती दिसत राहिली. परकी भाषा शिकणाऱ्याला ही एक पीडा असते. घरच्या माणसाला शब्द नाण्यासारखा गुळगुळीत लागतो, परक्याला त्यावरचा छाप बोटाला टोचतो. एकदा असाच एक मथळा वाचून मी माझ्या शिक्षिकेला विचारले, “आणि बाळंतीण कशी आहे?” त्या खूप हसल्या. मग थोड्या वेळाने, हसणे थांबवून म्हणाल्या, “तिची चौकशी कोणी करत नाही, हे मात्र खरे.”

सणाच्या दिवशी, फराळाची ताटे पुढे असताना, मी बाळंतपणाचा विषय काढून बसले आहे. परंतु ज्या घरात दिवाळी होते त्या घरात कोणीतरी कधीतरी बाळंतीण झालेलीच असते, तेव्हा वाचकांनी एवढे चालवून घ्यावे.

प्रथम हा ‘त्सान’ पाहण्यासारखा आहे. प्रसूती हा त्याचा एक अर्थ. मालाची पैदास हा दुसरा, आणि मालमत्ता हा तिसरा. स्थावर जमीनजुमला म्हणजे ‘तेई-त्सान’, म्हणजे भूमीची त्सान. दिवाळे निघाले की ‘फो-त्सान’, फुटलेली त्सान. गर्भपाताला ‘लाऊ-त्सान’ म्हणतात, वाहून गेलेली. आणि बेत फसला की त्या बेताचीही लाऊ-त्सान होते. हाँगकाँगसारख्या जमिनीच्या भावावर जगणाऱ्या शहरात घर विकणारा आणि बाळ जन्माला घालणारी यांच्या दारावर एकच अक्षर असावे, याचे मला फार नवल वाटे. पुढे लक्षात आले की आपणही काही वेगळे केलेले नाही. ‘उत्पन्न’ म्हणजे जन्मलेले. आणि आपण ‘तुमचे उत्पन्न किती?’ असे विचारतो तेव्हा मुलेबाळे मोजत नसतो.

तरी मराठीची चाल थोडी निराळी आहे, आणि माझा सगळा विचार त्या निराळेपणातून सुरू झाला. चिनी शब्द प्रसूतिगृहातून निघून कचेरीत गेला. आपला शब्द रस्त्यावरचाच आहे, तो प्रसूतीच्या खोलीत जातो. गाडी अडते, काम अडते, पाणी अडते, अडला हरी गाढवाचे पाय धरतो, आणि बाईही अडते. सगळ्यांना क्रियापद एकच. त्यामुळे आपल्याला बाळंतिणीचा दाखला उसना घ्यावा लागत नाही; उलट बाळंतिणीला द्यायला आपल्यापाशी वेगळा शब्दच नाही. पण या साध्या क्रियापदाला शेजारी एक भाऊ आहे. अडणे आणि अडवणे. एका ‘व’चा फरक. ‘फाइल अडली आहे’ असे कचेरीतला माणूस सांगतो तेव्हा तो खोटे बोलत नाही. फक्त तो ‘व’ गाळतो.

नान-त्सान या शब्दाची मला जी हरकत आहे ती इथे आहे. दुःखाचा शब्द चिल्लर कामाला वापरला, एवढीच हरकत असती तर ती सोडून देता आली असती. भाषा असेच करते. मरणाचा उकाडा, जीव जाणारा कंटाळा, प्राण कंठाशी आणणारी परीक्षा, यांचा हिशेब मागायला बसलो तर बोलणेच बंद होईल. हरकत अशी की या उपमेबरोबर कचेरीत एक निष्पापपणा जातो. अवघड बाळंतपणात, निदान आपल्या समजुतीप्रमाणे, दोष कोणाचाच नसतो. कळा कोणी मुद्दाम रोखून धरत नाही. सगळे हात जोडून बाहेर बसलेले असतात. मंत्रिमंडळाची गोष्ट तशी नसते. तिथे पाच-सात माणसे आपापल्या मुठी आवळून बसलेली असतात आणि त्यांतली एखादी उघडली तर काम त्या संध्याकाळी होईल. त्याला नान-त्सान म्हटले की मुठी दिसेनाशा होतात आणि निसर्गाची लीला उरते. जणू पाऊसच पडला नाही.

इथवर विचार आला आणि मला बरे वाटले, की चला, प्रश्न मिटला. पण मग एक चिनी पुस्तक आडवे आले.

१७१५ साली चीनमध्ये ‘दा शेंग प्येन’ नावाचे प्रसूतीवरचे छोटे पुस्तक निघाले. लिहिणाऱ्याने खरे नाव न देता उपाधी घेतली. हे पुस्तक पुढे कितीतरी वेळा छापले गेले. पुण्य लागावे म्हणून लोक ते छापून फुकट वाटत. त्यातला उपदेश तीन गोष्टींत आटोपतो. झोप घ्या, कळ सोसा, आणि बाळंत होण्याच्या घंगाळापाशी जायची घाई करू नका. जन्म ही निसर्गाची गोष्ट आहे, खरबूज पिकले की देठ आपोआप सुटतो. बाळंतपणे अवघड होतात ती बहुधा माणसांच्या उतावळेपणाने, सुइणीच्या लुडबुडीने, वेळेआधी जोर करायला लावल्याने. म्हणजे या गृहस्थाने माझ्याच तोंडचे वाक्य माझ्यावर उलटवले. ज्या खोलीत कोणाचाच दोष नसतो असे मी धरून चालले होते, त्या खोलीत शिरून तो म्हणतो, बाई अडली नाही, अडवली.

हे अर्धे खरे आहे आणि म्हणूनच मोठे धोक्याचे आहे. पुष्कळ बायकांचा जीव त्या पुस्तकाने वाचवला असेल, कारण हपापलेल्या हातांपासून त्यांना दूर ठेवले. पण जिथे मूल खरेच आडवे असते तिथे खरबूज पिकायची वाट पाहणे म्हणजे बाईला मरू देणे. चिनी वैद्यांना हेही ठाऊक होते. या पुस्तकाच्या सहाशे वर्षे आधी, १०९८ साली, यांग झिज्यान नावाच्या वैद्याने प्रसूतीचे प्रकार वेगवेगळे करून लिहिले. आडवे मूल, पायांनी येणारे मूल, नाळेत अडकलेले मूल. आणि जाणत्या सुइणीने बाहेर आलेला हात किंवा पाय हलकेच आत सारून मूल कसे वळवावे हेही सांगितले. एक पुस्तक धीर शिकवते, दुसरे हात शिकवते. आजचे डॉक्टर कळांचा जोर, वाट आणि मूल या तिन्हींत कुठे अडले ते पाहतात. त्यांनी दोन्ही पुस्तके एका फडताळात ठेवली म्हणायची. अवघड गोष्ट एवढीच की अंधाऱ्या रात्री, प्रत्यक्ष बाईच्या उशाशी, यातले कोणते पुस्तक उघडायचे हे कोणीतरी ठरवावे लागते.

आमच्या घरी ते १९३१ साली ठरवले गेले.

माझ्या आईची आई सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात, माहेरी, दुसऱ्या बाळंतपणाला आली होती. श्रावण होता. संध्याकाळी सुईण म्हणाली, मूल पायाकडून आहे, तालुक्याच्या डॉक्टरांकडे न्या. माझे पणजोबा शांत, विचारी माणूस म्हणून गावात नावाजलेले. ते म्हणाले, रात्रीची वेळ, रस्ता चिखलाचा, गाडीच्या धक्क्यांनी उलट अपाय व्हायचा. पहाटेपर्यंत वाट पाहू, देव आहे. गाडी पहाटे जुंपली. दुपारी तालुक्याला मूल झाले, जिवंत आणि धडधाकट. रक्त मात्र थांबेना, आणि रात्री आजी गेली. ते मूल म्हणजे माझे मामा.

या गोष्टीत दुष्ट माणूस कोणी नाही. पणजोबांनी आयुष्यभर त्या रात्रीचा उल्लेख केला नाही आणि त्यांच्यासमोर कोणी केला नाही. घरात वाक्य ठरलेले होते: ‘ती अडली आणि गेली.’ त्या वाक्यात पणजोबा नाहीत, चिखल नाही, न जुंपलेली गाडी नाही. क्रियापदाने सगळ्यांना झाकून घेतले. आणि दोष तर कुठेतरी ठेवायला हवा असतो, तो जाऊन बसला त्या एका दिवसाच्या पोरावर. ‘आईला खाऊन आला.’ हे शब्द मामांनी लहानपणी किती वेळा ऐकले असतील! त्यातही गंमत पाहा, गंमत म्हणवत नाही पण दुसरा शब्द नाही: मामा पायाळू. पायाळू माणसाचा पाय लावला की भरलेली उसण उतरते अशी आपल्याकडे समजूत. तेव्हा ज्या बायका मागे ‘आईला खाल्लं’ म्हणत, त्याच पाठ धरून, कण्हत दारात येत आणि ओसरीवर पालथ्या पडून म्हणत, “बाळा, जरा पाय लाव रे.” मामा पाय लावत. सत्तरी उलटल्यावरसुद्धा लावत.

चीनच्या इतिहासात मामांचा एक जोडीदार आहे, तो राजा होता. ‘झुओ झुआन’ या प्राचीन बखरीत अगदी आरंभी, इ. स. पू. ७२२ च्या नोंदीत, झेंग राज्याच्या झुआंग राजाची हकीकत येते. हा जन्मला तो ‘वू-शेंग’. टीकाकारांचा चालत आलेला अर्थ असा की उलटा, पायांनी. आई भ्याली, तिने मुलाचे नावच ‘वू-शेंग’ ठेवले, आणि त्याचा द्वेष करू लागली. दुसरा मुलगा सुखाने झाला, तो तिचा लाडका. त्याला गादी मिळावी म्हणून ती नवऱ्याच्या मागे लागली. ते जमले नाही तेव्हा पुढे त्याच्या बंडासाठी राजधानीची वेस उघडायला तयार झाली. राजाने बंड मोडले, आईला दूर नेऊन ठेवले आणि शपथ घेतली की पाताळातल्या पिवळ्या झऱ्यांपाशी पोचेपर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, हिचे तोंड पाहणार नाही. मग पस्तावला. सीमेवरचा एक साधा अधिकारी त्याच्या पंगतीला जेवत होता. त्याने ताटातले मांस बाजूला काढून ठेवले. का, असे विचारल्यावर म्हणाला, घरी आई आहे, तिने राजाच्या घरचे कधी चाखले नाही. राजाने आपली अडचण सांगितली. अधिकाऱ्याने तोड काढली: पाणी लागेपर्यंत जमीन खणा, भुयार करा आणि त्यात मायलेकरांनी भेटा, शपथ मोडली असे कोण म्हणेल? तसे झाले. दोघे भुयारात भेटली आणि वर आली ती हसत.

चिनी मुलांना ही गोष्ट पितृभक्ती आणि मातृभक्ती शिकवण्यासाठी सांगतात. मला तिच्यात दुसरेच दिसते. साऱ्या हकीकतीत त्या आईच्या बाळंतपणाला एक शब्द मिळाला आहे: ती भ्याली. मुलाची नाराजी, भावाचे किल्ले, रथांची संख्या, शपथ, भुयार, सगळे तपशिलाने आहे. ती बाई दोन दिवस अडली होती की चार, तिच्या उशाशी कोण होते, ती पुन्हा उठून बसायला किती महिने लागले, याला बखरीत जागा नाही. तिने मुलाचा राग केला हे वाईटच झाले. पण भीतीला जायला वाट दिली नाही तर ती कोणाच्या तरी नावावर जाऊन बसते. तिथे आईच्या हातून बसली, आमच्याकडे गावाच्या तोंडून.

कँटनी भाषेत आणखी एक शब्द आहे, ‘मोऊ-नान-यात’. वाढदिवसाला हे एक नाव आहे: आईच्या संकटाचा दिवस. जुन्या वळणाची माणसे त्या दिवशी स्वतःचे कौतुक करून घेण्याआधी आईला मान देतात. यातला ‘नान’ आणि नान-त्सानमधला ‘नान’ लिहिताना एकच चिन्ह आहे. उच्चारात मात्र सूर बदलतो. सूर वरून खाली घसरत नेला की अर्थ ‘अवघड’. खालीच सपाट ठेवला की ‘अरिष्ट’. माझ्या परक्या जिभेला हे दोन सूर नीट वेगळे कधी काढता आले नाहीत, पण त्यांतले अंतर माझ्या मनातून जात नाही. मंत्रिमंडळाची जी असते ती पहिल्या सुरातली नान. दुसऱ्या सुरातली नान फक्त बाईच्या वाट्याला येते.

सुटीत घरी आले तेव्हा मी मामांना हा शब्द सांगितला. ते स्वतःचा वाढदिवस कधी करू देत नसत. मामी गुपचूप शिरा करी आणि एकादशीचा नसला तरी ‘आज सहज केला’ म्हणे. मामांनी तो शब्द माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतला. मग म्हणाले, “अगं, म्हणजे तिकडे सगळ्यांच्याच आईचा तो दिवस असतो होय? माझ्या एकट्याच्याच नव्हे?”

आता उपमेच्या बाजूनेही बोलले पाहिजे, नाहीतर हा लेख सोवळ्यातला होईल. संस्कृतातले एक सुभाषित सांगते की विद्वानाचे श्रम विद्वानालाच कळतात, वांझेला प्रसूतीच्या वेदना काय कळणार! हे सुभाषित रचणारा स्वतः प्रसूत झालेला नसणार हे उघड आहे, आणि मूल नसलेल्या बाईला जाता जाता एक लाथ मारायचे कारण काय होते, तेही मला उमगलेले नाही. लेखक मंडळी, त्यातही पुरुष लेखक, आपल्या कादंबरीच्या ‘प्रसववेदना’ ज्या थाटाने सांगतात तो थाट मला हसू आणतो. तरी पण त्यांना मी हा शब्द नाकारणार नाही. जो स्वतः अडलेला आहे त्याला तो वापरू द्यावा. हाँगकाँगचा दिग्दर्शक वाँग कार-वाय याने वाळवंटात ‘ॲशेस ऑफ टाइम’ नावाचा तलवारबाजांचा चित्रपट घेतला आणि तो संपता संपेना. संकलनात मध्येच विश्रांती घेऊन त्याने काही आठवड्यांत शहरातल्या पोलिसांचा आणि खाणावळीचा एक हलकाफुलका चित्रपट उरकला, तो ‘चुंगकिंग एक्स्प्रेस’. दोन्ही १९९४ साली पडद्यावर आले, आणि जगाने जास्त जीव लावला तो दुसऱ्याला. पहिल्याची नान-त्सान झाली असे कोणी म्हटले तर मी वाद घालणार नाही. तो माणूस खरोखर त्यात अडकला होता. निवृत्तिवेतनाचा कागद तीन वर्षे न मिळालेला म्हातारा ‘माझं काम अडलंय हो’ म्हणतो, तोही खरे बोलतो. त्याच टेबलापलीकडे बसून तोच शब्द उच्चारणारा कारकून खरे बोलत नाही. शब्द एकच, टेबलाची बाजू तेवढी पाहायची.

आणि खऱ्या बाळंतपणाचे काय? २०२३ साली जगात सुमारे २ लाख ६० हजार बायका गरोदरपणात किंवा बाळंतपणात गेल्या, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यांतल्या बहुतेकींना वाचवता आले असते, हेही तीच संघटना सांगते. रक्त वेळेवर मिळाले नाही, वाहन आले नाही, जाणता हात जवळ नव्हता, किंवा जायचे की नाही हे ठरवणारा पुरुष घरी नव्हता. म्हणजे त्या ‘व’चा शोध तिथेही घ्यावाच लागतो. दा शेंग प्येनचा कर्ता माझ्यापेक्षा शहाणा होता असे मी म्हणते ते यासाठी. फक्त तो ‘व’ नेहमी उतावळेपणाचाच असतो असे त्याला वाटले. आमच्या घरी तो धीराचा निघाला.

या ‘व’वर ज्यांनी प्रत्यक्ष हात घातला त्यांत बायका पुष्कळ आहेत, आणि त्यांतल्या दोघींची वाट एका दारातून जाते. आनंदीबाई जोशी चौदा वर्षांच्या असताना त्यांचे बाळ दहा दिवसांचे होऊन गेले. १८८३ साली त्या फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या आणि १८८६ साली डॉक्टर झाल्या. त्यांनी प्रबंधाला विषय घेतला तो आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. त्याच महाविद्यालयातून १८८४ साली मेरी फुल्टन नावाची बाई डॉक्टर होऊन बाहेर पडली ती थेट कँटनला गेली, आणि तिथे तिने चिनी मुलींना डॉक्टर करणारे महाविद्यालय उभे केले. आनंदीबाईंना ते आयुष्य मिळाले नाही. १८८७ च्या फेब्रुवारीत, बावीस वर्षांच्या होण्याआधीच, त्या पुण्यात गेल्या.

त्यापूर्वी आणि नंतरही हजारो घरांत कँटनी सुईणच येई. तिला ‘चप-मा’ म्हणत. ‘चप’ म्हणजे खाली पडलेली वस्तू उचलून घेणे. मूल जन्माला घालते ती आई, सुईण फक्त उचलून घेते. एवढा नेमस्त व्यवसायदर्शक शब्द मला दुसरा माहीत नाही.

हाँगकाँगच्या घरांत बाळंतिणीसाठी गोड काळ्या शिरक्यात आले, डुकराचे पाय आणि उकडलेली अंडी शिजवतात. भांडे दिवस भरायच्या आधीच चुलीवर चढते, कारण आले मुरायला वेळ लागतो. मूल झाले की वाट्या भरून शेजारीपाजारी जातात. त्याहून जुनी एक चाल मला एका पुस्तकात सापडली. काइफंग ही सुंग घराण्याची राजधानी ११२७ साली शत्रूच्या हाती पडली. दक्षिणेत पळून आलेल्या मंग युआनलाओ नावाच्या माणसाने वीस वर्षांनी, आठवणीतून, त्या शहराचे वर्णन लिहिले. बाजार, दिवे, मिठाया, सणवार. त्यात तो सांगतो की लेकीला शेवटचा महिना लागला की त्याच्या पहिल्या दिवशी माहेरची माणसे चांदीच्या परातीत धान्याच्या काड्यांची पेंडी ठेवीत, वर भरजरी रुमाल, फुले, आणि सोबत वाफेवरचे पाव पाठवीत. त्या पाठवणीला नाव होते ‘फन-तुंग’. म्हणजे वेदना वाटून घेणे.

आमच्या पणजीनेही त्या श्रावणात डिंकाचे लाडू आधीच वळून ठेवले होते. माझी आई तेव्हा सहा वर्षांची, तिला तो पितळी डबा आठवे. फडताळात वरच्या फळीवर होता, आणि कोणी त्याला हात लावला नाही, पोरांनीसुद्धा मागितला नाही. बारा-तेरा दिवस तो तसाच राहिला. मग वाडीवरची एक ओली बाळंतीण मामांना दूध पाजायला रोज येऊ लागली, आणि पणजीने डबा खाली काढला. ती बाई पाजून उठली की तिच्या ओंजळीत रोज दोन लाडू पडत. ते संपले तेव्हा पणजीने पुन्हा डिंक तळायला घेतला.